उपशमाची बाजू

आमच्या जैन कर्मशास्त्रात आत्म्याच्या चढणीच्या चौदा पायऱ्या, म्हणजे गुणस्थानं, मानतात; त्यांतल्या अकराव्याइतकी बेचैन करणारी जागा दुसरी नाही. जीव एकेक पायरी चढत येतो, लोभाचा शेवटचा सूक्ष्म अंशही निवतो आणि तो ‘उपशांतमोह’ होतो. त्या घडीला त्याच्या निर्मळपणात काही उणं काढता येत नाही. पण मुक्काम फार तर अंतर्मुहूर्ताचा, म्हणजे ४८ मिनिटांच्या आतला. मग तो घसरतो. घसरतोच, त्याला अपवाद नाही. कारण त्यानं मोह दाबलेला असतो, संपवलेला नसतो. ज्यानं मोहाचा क्षय करत चढाई केली तो दहाव्यावरून थेट बाराव्यावर जातो आणि पुन्हा खाली येत नाही. अकरावं त्याच्या वाटेत लागतच नाही.

आचार्य पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’त यासाठी गढूळ पाण्याचा दाखला दिला आहे. निवळीसारखं काही पाण्यात मिसळलं की गाळ तळाशी बसतो, तो उपशम. तेच वरचं पाणी दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून घेतलं की गाळाचा संबंधच उरत नाही, तो क्षय. कृष्णेला पूर आल्यावर हंड्यात तुरटी फिरवणाऱ्या सांगलीकराला हे वेगळं समजवावं लागत नाही. हंड्याला धक्का लागला की काय होतं, तेही त्याला ठाऊक असतं.

आण्णा, म्हणजे माझे वडील, संध्याकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, स्वाध्याय घ्यायचे. चौदाही गुणस्थानं त्यांनी आम्हा मुलांकडून घोकून घेतली होती. तेव्हापासून डोक्यात एक क्रम बसला: क्षय पक्का, उपशम कच्चा. पुढे मी पॅथॉलॉजिस्ट झाले. स्तनातून काढलेल्या गाठी कापायच्या, त्यांचे मेणातले ठोकळे करायचे, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे छेद घ्यायचे आणि रंगवून बघायचे, यात नोकरी संपली. तिथेही क्रम तोच. काढलेल्या तुकड्याच्या कडा रोगापासून मोकळ्या आहेत का, एवढं सर्जन पहिल्यांदा विचारायचे. कडा मोकळ्या म्हणजे क्षय झाला, असं मीही मनात धरून चालायची.

त्या क्रमाला हात घातला माझ्या धाकट्या नणंदेनं. ती हायस्कुलात संस्कृत शिकवायची. शास्त्र माझ्यापेक्षा तिचं पक्कं. स्तनाच्या कर्करोगासाठी तिची शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, रेडिएशन झालं. आता रोज लेट्रोझोलची एक गोळी चालू आहे. एका दुपारी ती वर्तमानपत्रातलं कात्रण घेऊन आली. जनुकं गप्प बसवून स्तनाच्या कर्करोगाचा फैलाव रोखता येईल, अशी बातमी होती.

“वहिनी, जनुक काढून टाकत नाहीत, नुसतं गप्प बसवतात म्हणे. म्हणजे हा उपशमच की. मग घसरण ठरलेलीच ना?”

“अगं, अजून उंदरांवरचं आहे ते.”

“उंदीर असू द्या नाहीतर माणूस. प्रश्न तोच.”

प्रश्न खराच तोच होता, आणि त्याचं उत्तर द्यायला मला बराच काळ लागला.

स्तनातल्या गाठीनं सहसा कुणी मरत नाही. जीव जातो तो गाठ सोडून हाडांत, फुप्फुसात, यकृतात, मेंदूत जाऊन बसलेल्या पेशींमुळे. हे जाणं कसं सुरू होतं ते काचेवर दिसतं. दुधाच्या नलिकेतल्या पेशी एकमेकींना ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनानं धरून असतात. त्या प्रथिनाचा रंग दिला की प्रत्येक पेशीच्या कडेनं तपकिरी रेघ उमटते. लोब्युलर प्रकारच्या कर्करोगात बहुधा ही रेघच नसते आणि पेशी एकामागे एक, एकेरी रांगेनं तंतूंमधून निघालेल्या दिसतात. काखेतल्या लसिकाग्रंथीचा छेद बघताना मी आधी नेहमी कडेला जायची, आवरणाच्या लगेच आतल्या अरुंद पोकळीत. पाहुण्या पेशी पहिल्यांदा उतरतात त्या तिथे. निळसर, एकसारख्या लिम्फोसाइटांच्या गर्दीत चार-पाच मोठ्या, फिकट, बेढब पेशींचा पुंजका दिसला की रिपोर्टची भाषा बदलायची.

पेशींना हा हात सोडायला लावणाऱ्या जनुकांपैकी एक म्हणजे ट्विस्ट. २००४ साली अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत जिंग यांग आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या स्तनकर्करोगाच्या, हमखास फुप्फुसात पसरणाऱ्या पेशी घेतल्या आणि त्यांतलं ट्विस्ट गप्प केलं. स्तनातली गाठ नेहमीसारखीच वाढली. पण फुप्फुसातल्या गाठी फार कमी झाल्या. पुढे त्याच प्रयोगशाळेतून ली मा यांनी ट्विस्टच्या हाताखाली चालणारा एमआयआर-१०बी हा इवलासा आरएनए हेरला आणि २०१० मध्ये तो औषधानं दाबून दाखवला. निकाल तसाच: मूळ गाठ जागच्या जागी, फैलावाला लगाम. रोग होता, पण घर सोडून निघत नव्हता.

गप्प बसवणं म्हणजे नेमकं काय, हे १९९८ साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका मिलिमीटरभर लांबीच्या जंतात दाखवलं. स्नायूंच्या एका जनुकाशी जुळणारा दुहेरी आरएनए त्यांनी जंताला टोचला, आणि ते जनुक बिघडल्यावर जंत जसे थरथरतात तसे ते थरथरू लागले. जनुक शाबूत होतं. त्याच्यावरून निघालेला संदेशवाहक आरएनए पेशीतली यंत्रणा कापून टाकत होती, म्हणून प्रथिन बनत नव्हतं. २००६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. २०१८ मध्ये या तत्त्वावरचं पहिलं औषध, पॅटिसिरान, एका आनुवंशिक मज्जातंतूविकारासाठी अमेरिकेत मंजूर झालं. कोलेस्टेरॉलसाठीचं इन्क्लिसिरान सुरुवातीच्या मात्रांनंतर सहा महिन्यांतून एकदा टोचतात. दोन्ही काम करतात ते यकृतात, कारण तिथवर औषध पोचवणं सोपं. गाठीतल्या पेशींपर्यंत ते नेणं फार अवघड आहे. त्यामुळे स्तनाच्या कर्करोगासाठी असं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही.

म्हणजे नणंदेचं निदान बरोबर होतं. कर्मशास्त्राच्या भाषेत, जनुक सत्तेत राहतं, म्हणजे असतं, पण उदयाला येत नाही, म्हणजे फळ देत नाही. आणि टोचणं थांबवलं की प्रथिन परत येतं. हा उपशम आहे आणि त्याला मुदत आहे. इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आमच्या आचार्यांना आरएनए ठाऊक होता, असं मला म्हणायचं नाही. तसं म्हणणारी भाषणं ऐकून मी कंटाळले आहे. ते आत्म्याला चिकटलेल्या कर्माबद्दल बोलत होते, मी पेशीबद्दल बोलते आहे. पण ‘आहे, पण फळ देत नाही’ या अवस्थेचा इतका बारीक विचार त्यांनी केलेला आहे की माझा प्रश्न मांडायला मला तेच शब्द उपयोगी पडतात.

आता मुद्द्याचं. उपशम कच्चा, तर मग ट्विस्टचा क्षयच का करू नये? मुळासकट उपटून टाकावं.

तर तसं केलं असतं तर आपण जन्मलोच नसतो. ट्विस्टचा शोध कर्करोगात लागलेला नाही. तो लागला फळमाशीच्या भ्रूणात. भ्रूणाचे थर तयार होताना काही पेशींना शेजारणींचा हात सोडून आत, दूर जावं लागतं. हाडं, स्नायू, चेहऱ्याची ठेवण या प्रवासातून घडते. माणसात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी निकामी असली तरी बाळाच्या कवटीचे सांधे वेळेआधी जुळून येतात; सेथ्रे-चॉटझेन नावाचा विकार तो हाच. गर्भात ज्या हुकमानं आपण घडलो तोच हुकूम पन्नासाव्या वर्षी स्तनाच्या नलिकेत पुन्हा सुटला की आपण त्याला दुष्ट म्हणतो. जनुकात दुष्टपणा कुठेच नाही. काळ चुकला आहे, जागा चुकली आहे.

आणि गप्प बसवणं हा शरीराला बाहेरून लावलेला उपचारही नाही. यकृताच्या पेशीत डोळ्याची जनुकं असतात, गप्प. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि त्यांतलं एक जवळजवळ पूर्ण गप्प केलेलं असतं. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये हे मांडलं. ते गप्प गुणसूत्र डोळ्यांना दिसतं. गालाच्या आतल्या बाजूनं खरवडून काढलेल्या पेशी काचेवर पसरून रंगवल्या की केंद्रकाच्या कडेला एक गडद ठिपका टेकलेला असतो. विद्यार्थिनींना मी तो त्यांच्याच पेशींत दाखवायची. ज्या उपशमाला मी कच्चा समजत होते, त्याच्यावर माझा देह गर्भापासून उभा आहे.

मी हे नणंदेला सांगितलं तेव्हा तिनं शिक्षिकेसारखी पुढची चूक पकडली. “म्हणजे गप्प बसवणं चांगलंच, असं म्हणायचंय तुम्हाला?”

नाही. कर्करोग स्वतःही हेच हत्यार वापरतो. बीआरसीए-१ हे डीएनएची मोडतोड दुरुस्त करायला मदत करणारं, राखणदार जनुक. स्तनाच्या काही कर्करोगांत ते तुटलेलं नसतं. त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट चिकटून ते गप्प झालेलं असतं. चोरानं राखणदाराला झोपवलं तर त्या झोपेला शांती म्हणत नाहीत. ट्विस्टची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. २०१२ मध्ये जिंग यांग यांच्याच गटानं उंदरांच्या त्वचेच्या कर्करोगात दाखवलं की पेशी गाठीतून निघायला ट्विस्ट चालू असावं लागतं, पण दूरच्या अवयवात पोचल्यावर तिथे वाढायला ते बंद व्हावं लागतं. म्हणजे पेशी निघण्याआधी ट्विस्ट गप्प केलं तर लाभ. पोचल्यावर गप्प केलं तर कदाचित तिचं बस्तान बसवायला आपणच मदत करू. औषध तेच, वेळ वेगळी, फळ उलटं.

कर्मशास्त्र उदयाचा विचार करताना हेच विचारतं. कर्म सत्तेत आहे, एवढ्यानं फळ ठरत नाही. द्रव्य, क्षेत्र, काल, भव, भाव यांचं निमित्त लागतं. स्टीफन पेजेट या लंडनच्या सर्जननं १८८९ मध्ये स्तनकर्करोगानं मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि विचारलं की पेशी काही ठराविक अवयवांतच का रुजतात. त्याचं म्हणणं असं की नुसतं बी बघून चालणार नाही, जमीनही बघा. शंभरेक वर्षांनी, १९९७ मध्ये, मीना बिसेल यांच्या प्रयोगशाळेनं ती जमीन हलवून दाखवली. स्तनाच्या कर्करोगी पेशी बाहेरच्या जाळीला ज्या हातानं धरतात तो हात त्यांनी प्रतिपिंडानं अडवला. बेबंद वाढणाऱ्या पेशी गोलसर, नीटस पुंजके करून शांत बसल्या. त्यांची जनुकं पूर्वीइतकीच बिघडलेली होती.

प्रयोगशाळेच्या पायरीवर रिपोर्टची वाट बघत बसलेल्या आया मला विचारायच्या, “डॉक्टरबाई, काय पाप केलं हो माझ्या लेकीनं?” तेव्हा मी गडबडून जनुकं, वय, हार्मोन असलं काही बोलायची. आता मला वाटतं, उत्तर कर्मशास्त्रातूनही देता येतं आणि ते पाप मोजणारं नाही. दुःख भोगायला लावणारं असातावेदनीय कर्म प्रत्येकाच्या सत्तेत आहे. तुमच्या लेकीच्या, तुमच्या, माझ्याही. कुणाचं कधी कोणत्या निमित्तानं उदयाला येईल हे केवलज्ञानी जाणतील. दुसऱ्याच्या दुखण्याकडे बोट दाखवून त्याचं पूर्वकर्म वाचून दाखवायचा अधिकार शास्त्रानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिलेला नाही. हा सिद्धांत स्वतःच्या पुढच्या पावलासाठी आहे.

उपशम आणि क्षय यांच्यामध्ये शास्त्रानं आणखी एक खण ठेवला आहे, क्षयोपशमाचा. काही अंश गेला, काही दबला, काही अजून चालूच आहे. आपल्यासारख्यांचं सगळं मतिज्ञान, श्रुतज्ञान, म्हणजे इंद्रियांनी, मनानं आणि शब्दांवरून होणारं ज्ञान, याच खणातलं. हा लेख लिहिणं आणि तुम्ही तो वाचणं हेसुद्धा. नणंदेच्या उपचाराकडे मी या नजरेनं बघायला लागले. सर्जननं काढलं आणि केमोनं मारलं तो क्षय. लेट्रोझोल इस्ट्रोजेन तयार होणं रोखून उरल्यासुरल्या पेशींची उपासमार करतं, तो उपशम. दोन्ही मिळून ती आज चालते-बोलते आहे. ही गोळी इतकी वर्षं का, तर हार्मोनवर वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशी कुठेतरी दीर्घकाळ निजून राहू शकतात. साठ हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पाच वर्षांचे हार्मोनविरोधी उपचार संपल्यावरही निदानानंतरच्या विसाव्या वर्षापर्यंत रोग परतण्याचं प्रमाण ओसरत नाही. मोकळ्या कडांना क्षय समजणं किती भाबडं होतं, हे यात आलं.

नुसत्या क्षयावर भिस्त ठेवली तर काय होतं, हे मुंबईच्या टाटा मेमोरियलनं मोजून पाहिलं आहे. पहिल्या भेटीतच रोग दूरवर पसरलेला आढळलेल्या ३५० स्त्रियांपैकी काहींची स्तनातली मूळ गाठ काढून रेडिएशन दिलं, काहींना तसं केलं नाही. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध केला: गाठ काढल्यानं आयुष्य वाढलं नाही. दिसतं ते उपटलं म्हणजे मूळ संपलं, असं होत नाही.

त्याच संस्थेची आणखी एक चाचणी आहे आणि नणंदेच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिच्यात सापडलं. गाठ काढण्याआधी तिच्या भोवतीनं लिडोकेन टोचायचं, तेच दात काढताना हिरडीत देतात ते. काही मिनिटं थांबायचं आणि मग शस्त्रक्रिया करायची. कल्पना अशी की चाकूच्या धक्क्यानं पेशी हलण्याचे जे इशारे घेतात त्यांत सोडियमच्या वाहिन्यांचा हात असावा, आणि लिडोकेन नेमक्या त्याच बंद करतं. हे जनुक गप्प करणं नव्हे. पण पेशीला घडीभर बहिरं करणं आहे. दीड हजारांहून अधिक स्त्रियांवरची ही चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण लिडोकेन न दिलेल्यांत ८६.४ टक्के होतं, दिलेल्यांत ९०.१ टक्के. औषध अगदी स्वस्त, आणि त्याचा अंमल उतरतो तो काही तासांत.

बधिरपणा उतरला, उपशम संपला. फळ मात्र पाच वर्षांनीही दिसतं. मग मुदतीवरून उपशमाला कच्चा कसं ठरवायचं?

मला वाटतं, आण्णांच्या स्वाध्यायातलं अर्धंच माझ्या लक्षात राहिलं होतं. अकराव्यावरून घसरण होते, हे राहिलं. ती कालक्षयानं किंवा भवक्षयानं होते, म्हणजे मुदत सरली किंवा आयुष्य सरलं म्हणून होते, हे विसरले. त्यामुळे कर्करोग परत आलेल्या बाईला “काहीतरी पथ्य चुकलं असणार” असं नातेवाईक ऐकवतात, ते मला शास्त्राच्या दृष्टीनंही पटत नाही. आणि दुसरं, जे त्याहून मोठं: अनादि काळापासून मिथ्यात्वात, म्हणजे चुकीच्या श्रद्धेत, असलेल्या जीवाला पहिल्यांदा सम्यक्त्व, म्हणजे खरी दृष्टी, होतं ते प्रथमोपशम सम्यक्त्व. थेट क्षायिक, म्हणजे क्षयातून येणारं, कुणालाच होत नाही. हा उपशमही अंतर्मुहूर्तच टिकतो. पण तो एकदा झाला की त्या जीवाच्या संसाराला शेवट ठरतो. नंतर तो घसरला तरी जिथून निघाला होता तितका अमर्याद भटकणारा राहत नाही. मुदत अंतर्मुहूर्ताची आणि परिणाम कायमचा, हे आमच्या शास्त्रातच लिहिलेलं होतं.

नणंदेला हे पूर्ण पटलेलं नाही. “मोक्षमार्गात ध्येय क्षयाचंच, वहिनी. तिथे सवलत मागू नका,” ती म्हणते, आणि आत्म्याच्या बाबतीत मला तिच्याशी वाद घालायचा नाही. पण देहाचा हिशेब वेगळा आहे. ज्या जनुकानं घडवलं तेच बिघडवतं, तिथे मुळावर घाव घालणं म्हणजे स्वतःवरच घालणं. देहाला पूर्ण क्षय एकच ठाऊक आहे आणि त्यासाठी औषध लागत नाही. तोवर योग्य जागी, योग्य वेळी केलेला आणि मुदत सरली की पुन्हा करायचा उपशम, एवढंच वैद्यकाच्या हाती आहे. त्याला कच्चा म्हणायचं मी सोडून दिलं आहे. नणंदेच्या गोळीची पाच वर्षं भरत आली आहेत. गोळी पुढे चालू ठेवायची का, हे डॉक्टर आणि ती मिळून ठरवतील. माझं मत विचारलं तर मी उपशमाच्या बाजूनं देईन.